इंग्रजी पहिलीपासून आहे, पण गोष्ट कुठंय?

नायगाव : पहिलीपासून हिंदी हवी की नको, यावरून २०२५ मध्ये राज्यात रान पेटलं. एप्रिल आणि जूनमध्ये काढलेले दोन्ही शासन निर्णय सरकारला २९ जूनला मागे घ्यावे लागले, डॉ. नरेंद्र जाधव समिती नेमावी लागली. भाषा किती, यावर सगळे बोलले. पण जी परकी भाषा पहिलीपासून आधीच चालू आहे, ती पोरांना येते का?

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. आता 'असर'चा २०२३ चा अहवाल बघा. देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत, १४ ते १८ वयाच्या मुलांची ही पाहणी. आपल्या राज्यातला नांदेड त्यात होता. इंग्रजी वाक्य वाचता आलं ५७.३ टक्के मुलांना. त्यातल्याही साधारण चौथ्या हिश्शाला अर्थ सांगता आला नाही. शेंग भरलेली दिसते, आत दाणा नाही, अशातली गत.

कारण सरळ आहे. आपल्याकडं इंग्रजी म्हणजे स्पेलिंग पाठ करणं आणि फळ्यावरची उत्तरं उतरवणं. त्यात पुढं काय होणार, ही उत्सुकताच नाही. गोष्टीत ती असते. कोल्हा विहिरीत पडला की तो बाहेर कसा येणार, हे कळायला पोरगं पुढचं वाक्य वाचतं. तेच शब्द परत परत येतात, चित्र अर्थ सांगतं, भूतकाळ न शिकवता कानावर पडतो.

हे नुसतं बोलायला नाही. फिजी बेटांवर १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी खेड्यातल्या शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची २५० पुस्तकं दिली. रोज वीस-तीस मिनिटं वाचन. पहिल्याच वर्षी ही मुलं वाचण्यात आणि ऐकून समजण्यात नेहमीच्या दुप्पट वेगानं पुढं गेली.

अडचणी आहेतच. मास्तर म्हणतील, पोर्शन संपत नाही. खरंय, पण आठवड्यात दोन तासिका काढता येतात. दुसरं, बर्फ आणि राजवाड्यांच्या गोष्टी आपल्या पोरांना काय कळणार? मग होडी, मिठागर, भाजीचा मळा यांच्या गोष्टी घ्या. घरी वाडवळी, कादोडी, आगरी नाहीतर कोळी बोलणाऱ्या पोराला आधी आपल्या बोलीत गोष्ट सांगा, मग तीच इंग्रजीत वाचू द्या. अर्थ आधीच ठाऊक असला की परक्या शब्दांची भीती जाते.

पुस्तकांना पैसे नाहीत, हेही कारण आता टिकत नाही. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर २०१५ पासून चित्रांच्या गोष्टी फुकट आहेत, मराठीत आणि इंग्रजीतही, सोप्यापासून अवघडपर्यंत चार पायऱ्यांत. ज्या मोबाईलवर तुम्ही ही बातमी वाचताय, त्यावरच त्या उघडतात.

इंग्रजीच्या धाकानं आईबाप कर्ज काढून पोरांना खासगी शाळेत घालतात आणि गावची शाळा पटसंख्येअभावी ओस पडते. तिथंही पाठांतरच असेल तर पैसा गेला आणि भाषाही आली नाही. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा : आमच्या पोरांनी या महिन्यात इंग्रजी गोष्टी किती वाचल्या?