जुनी फियाट आणि आपल्या उसाचं इथेनॉल

मागच्या महिन्यात साखर संकुलात काम निघालं म्हणून आमची गाडी घेऊन पुण्याला गेलो होतो. गाडी म्हणजे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. गावात तिला सगळे फियाटच म्हणतात. शिवाजीनगरला गाडी लावत होतो, तर तिथला पोरगा पळत आला. म्हणाला, "आजोबा, शूटिंगला आणलीय का?" म्हणलं, "नाही रे बाबा, मी रोज हिच्यातच फिरतो." त्याला ते खरं वाटलं नाही.

परक्या पोराच्या हसण्याचं काही नाही. पण घरचेच बोलायला लागले की माणूस विचारात पडतो. आमचे मेहुणे दर दिवाळीला सांगतात, "दाजी, एवढा ऊस घालता कारखान्याला, आता तरी एक बरी गाडी घ्या. लोक काय म्हणत असतील?" लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. परंतु ऊस वर्षाकाठी एकदा तुटतो आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो. बिल हातात पडायच्या आधी शोरूमला जाऊन आलेले, आणि पुढच्या वर्षी खोडव्याला खत घालायला उसनवारी करणारे सभासद आपल्यात आहेत. नावं कशाला घ्यायची! आमच्या वडिलांनी ही गाडी रोख पैसे मोजून घेतली. तिच्यावर कुणाचा बोजा नाही.

शिवाय ही गाडी आपल्याला परकी नाही. ज्या शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवून साखर कारखाना काढला, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. तिच्याच कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनत असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी याच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात वीस वर्षं पुरी करून रस्त्यावरून उतरली.

आता नुसतं कौतुकच सांगत बसलो तर ते खोटं होईल. हडपसरच्या गर्दीत क्लच दाबून दाबून पाय भरून येतो. गिअर स्टिअरिंगजवळ, त्यामुळे घरातला दुसरा कुणी चालवायला धजत नाही. नाना पेठेत चार दुकानं फिरावं तेव्हा एखादा पार्ट मिळतो. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण करायची फी २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाच हजारांची दहा हजार झाली, तीही भरायची. नातवंडं बरोबर असली म्हणजे मी मुलाच्या गाडीत बसतो, कारण आजच्या गाड्यांसारखी सुरक्षिततेची साधनं हिच्यात नाहीत.

पण मला लिहायचं आहे ते निराळंच, आणि त्याचा आपल्या कारखान्याशी संबंध आहे. त्या दिवशी परतताना यवतच्या अलीकडे गाडी बंद पडली. बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा भपकारा. कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी फुगून मऊ पडली होती आणि तिच्यातून पेट्रोल झिरपत होतं. गरम इंजिनावर ते पडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार नको वाटतो. मिस्त्री म्हणाला, "काका, हे तुमच्या इथेनॉलचं काम!" ते 'तुमच्या' मला लागलं.

सभासद बंधूंनो, २००३ साली काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायला सुरुवात झाली. २०२५ साली हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचलं. त्यातून कारखान्यांच्या हाती पैसा आला, उसाची बिलं निघायला मदत झाली, हे मी कसं नाकारू? पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या पद्धतीचं रबर खराब करतं. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला मळ सोडवून जेटमध्ये आणून अडकवतं. लिटरमागे त्याची ताकद पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. आपली काही मंडळी मात्र चावडीवर ठासून सांगतात की काही होत नाही, या सगळ्या अफवा आहेत. ऊस आपला आहे म्हणून असं बोलणं बरोबर नाही.

आणि दोष फियाटचाही नाही. तेलाच्या भावाने पोळलेल्या ब्राझीलने १९७५ साली उसाच्या अल्कोहोलचा कार्यक्रम हाती घेतला. १९७९ साली तिथे निव्वळ इथेनॉलवर चालणारी जी मोटार विक्रीला आली, ती फियाटचीच, १४७ नावाची. तिचे भागच त्या इंधनासाठी तयार केले होते. आमच्या गाडीचे नव्हते, एवढाच फरक.

मी इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवून घेतल्या, इंजिनावरच्या पेट्रोल पंपातला डायफ्राम बदलला, टाकी धुऊन घेतली. खर्च फार आला नाही. पण प्रश्न एकट्या माझ्या गाडीचा नाही. आपल्या वस्त्यांवर जुन्या मोटारसायकली आहेत, पेट्रोलवरचे फवारणी पंप महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून असतात. त्यांत पेट्रोल तसंच ठेवू नका, काम झालं की काढून घ्या. पाणी धरलं की ते तळाशी बसतं.

संचालक मंडळाला माझी विनंती अशी की, प्रत्येक गटात एक दिवस मिस्त्री बसवून सभासदांच्या जुन्या गाड्या तपासून द्याव्यात, आणि डिस्टिलरीच्या केमिस्टसाहेबांनी तिथे येऊन खरं काय ते समजावून सांगावं. वार्षिक सभेसाठी तसा लेखी प्रश्न मी दिला आहे. ज्यांना असा त्रास झाला असेल त्यांनी गाडीचं साल आणि काय बिघडलं ते कागदावर लिहून गट ऑफिसात द्यावं.

— एक ऊस उत्पादक सभासद