रोबोचे हात आणि आपली पुंजी

पेण-रोह्याकडे एखाद्या बाईला पिशवी काढायचा सल्ला मिळाला, की घरातला कोणी शहाणा हमखास म्हणतो, "मुंबईला न्या, रोबोने करून घ्या. पैसा का जिवापेक्षा मोठा?" रोबो आपल्या बुद्धीने शस्त्रक्रिया करतो, अशी या गृहस्थांची समजूत दिसते! अहो, त्याचे हात डॉक्टरच बाजूला बसून हलवतात. छेद दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेइतकेच लहान. अमेरिकेत कर्करोग नसलेल्या अडीच लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गुंतागुंत दुर्बिणीने शेकडा ५.३, रोबोने ५.५; रोबोचा खर्च मात्र सुमारे २,२०० डॉलरांनी जास्त. मग साध्या गाठींसाठी भाताचे किंवा गणपतीच्या कारखान्यातले वर्षाचे उत्पन्न तिकडे का ओतावे? पोटाला एकही छेद न देता योनिमार्गे पिशवी काढण्याची जुनी, स्वस्त रीत आहेच. सर्वांना ती चालत नाही, हे खरे. पण तिचे नावही निघत नाही, कारण तिच्यात विकण्यासारखे यंत्र नाही. डॉक्टरांना यंत्राची किंमत विचारू नका. त्यांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या, ते विचारा. आणि त्याही आधी विचारा, औषधाने भागत असताना पिशवी काढायची तरी कशाला?