मिशी, क्रीम आणि बारीक अक्षरं

जानेवारीतली गोष्ट. नातीच्या शाळेत दहावीचा निरोप समारंभ दोन दिवसांवर आलेला, आणि हिच्या वरच्या ओठावर लालभडक चट्टा! "काय गं झालं?" विचारलं, तर म्हणाली, "काही नाही आजी, फोडणी उडाली." पस्तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईला अशी थाप पचत नाही. (त्यातून ही मुलगी फोडणीच्या जवळपासही फिरकत नाही.) मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच रडत रडत जवळ आली.

झालं होतं असं, की तिने आईची पायांना लावायची केस काढायची क्रीम गुपचूप घेतली, दार लावून ओठावर फासली आणि 'जास्त वेळ ठेवलं की जास्त स्वच्छ होईल' म्हणून वीस मिनिटं ठेवली. आग होत होती, तरी दात-ओठ खाऊन ठेवली.

मी लगेच हळद आणि साय शोधायला निघाले. तिच्या आईने मला अडवलं आणि पोरीला नळाच्या गार पाण्याच्या धारेखाली उभं केलं. मग त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मुरुमांसाठी रात्री काही लावतेस का?" लावत होती. त्या मलमाने त्वचा आधीच नाजूक झालेली, वर ही क्रीम.

घरी आल्यावर मी भिंग घेऊन त्या ट्यूबवरची आणि आतल्या कागदावरची बारीक अक्षरं वाचून काढली. सगळं लिहिलेलं होतं हो! जन्मभर मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' सांगत आले, आणि घरात कोणी सूचना वाचलेल्या नाहीत.

या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट नावाचा क्षार असतो. केस ज्या केराटिनचा बनलेला असतो, त्यातले दुवे तो तोडतो आणि केस मऊ होऊन पुसला जातो. त्यासाठी क्रीम चांगलीच अल्कधर्मी ठेवावी लागते. पाण्याचा सामू ७, तर हिचा १२ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ चुन्याच्या निवळीइतका. आता गंमत अशी, की आपल्या कातडीचा वरचा थरही केराटिनचाच. क्रीमला कुठे कळतंय केस कुठला आणि कातडी कुठली? केस आधी विरघळतो एवढंच. फरक फक्त मिनिटांचा.

हे काही नवीन नाही. चामडं कमावताना केस काढायला ते चुन्यातच भिजवतात. आणि मराठीच्या बाईंना आठवणार तो हरताळ! जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हा पिवळा हरताळ फासत, त्यावरूनच आपला वाक्प्रचार आला. तोच हरताळ चुन्यात कालवून पूर्वी केस काढायलाही वापरत. तो आर्सेनिकयुक्त, म्हणजे विषारीच. तेव्हा 'जुनं ते सगळं निर्धोक' असंही नाही.

आता माझं मत. केस काढावेत की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण चोरून काढायची वेळ मुलीवर येऊ नये. हे म्हणताना मला एक जुनी विद्यार्थिनी आठवते. मुलं तिला 'मिशीवाली' म्हणायची. मी मुलांना रागावले आणि तिला म्हटलं, "लक्ष देऊ नकोस." वाटलं, काम झालं. त्यानंतर वर्षभर ती तोंडावर रुमाल धरून बसायची. मी एकदा तरी तिला जवळ घेऊन बोलायला हवं होतं. नाही बोलले. ते अजून सलतं.

म्हणून नातीशी मात्र सविस्तर बोलले. चेहऱ्याला चेहऱ्यासाठीचीच क्रीम. आधी जिथे लावायची तिथेच थेंबभर लावून, धुऊन, २४ तास वाट पाहायची. पूर्वी चालली होती म्हणून आजही चालेल असं नाही. घड्याळ समोर ठेवायचं. बहुतेक क्रीमवर पाच ते दहा मिनिटांची मर्यादा असते, ती ओलांडायची नाही. आग झाली तर मिनिटं न मोजता लगेच पुसून भरपूर पाण्याने धुवायची. भुवया, डोळ्यांजवळचा भाग, जांघेतला नाजूक भाग, तीळ, जखम, उन्हाने भाजलेली त्वचा इथे लावायचीच नाही. केस राहिले तर पुन्हा त्यावर लेप नको, निदान ७२ तास थांबायचं. धुताना साबण नको, आणि त्या दिवशी ऊन आणि अत्तर-डिओडरंटही नको. मुरुमांचं मलम चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

आणखी एक. 'काढले की दाट येतात' हा समज खोटा आहे. मूळ कातडीच्या आत असतं, क्रीम तिथवर पोचत नाही. मात्र हनुवटीवर एकाएकी राठ केस येऊ लागले आणि पाळीही अनियमित असेल, तर क्रीम आणण्याआधी डॉक्टर गाठावेत. पीसीओएससारखं कारण असू शकतं.

असो. चट्टा घेऊनच ती समारंभाला गेली. मैत्रिणींना तिने खरं काय ते सांगितलं, तर त्यातल्या दोघींनीही हाच उद्योग केलेला निघाला! लाली गेली, पण काळसर डाग जायला काही महिने लागतील म्हणाल्या डॉक्टर.

परवा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, तुझ्या हनुवटीवर एक केस आलाय, काढून देऊ?" म्हटलं, "दे बाई, पण चिमट्याने!"