पन्नास मीटरचा बँड, चाळीस फुटांची विहीर

दोस्तांनो, विट्याहून आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. पळण्याच्या सरावासाठी तिनं बाबांच्या मागे लागून फिटनेस बँड घेतला. पावलं मोजणारा, हृदयाचे ठोके सांगणारा. खोक्यावर ठळक छापलं होतं, ‘५० मीटर’. ती तो घालूनच अंघोळ करायची आणि मळ्यातल्या विहिरीत उड्याही मारायची. वर्षभर काही झालं नाही. मग एके दिवशी काचेच्या आत वाफ धरली आणि बँड बंद! दुकानदार म्हणाला, पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. ती विचारते, ‘‘विहीर चाळीस फूट, म्हणजे १२ मीटर. मी तर वरवरच पोहत होते. मग पाणी शिरलं कसं?’’

प्रश्न फक्कड आहे. चला, उत्तर शोधू.

पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणून ‘५० मीटर’ आणि ‘५ एटीएम’ यांचा अर्थ एकच. पण हा आकडा येतो कुठून? घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत कोरं घड्याळ स्थिर पाण्यात ठेवून तेवढा दाब १० मिनिटं देतात. नीट वाचा हं! घड्याळ कोरं, पाणी स्थिर, वेळ १० मिनिटं. तुमच्या मनगटावर वर्षभर वापरलेल्या बँडबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

कुणी म्हणेल, विहिरीत उडी मारल्यामुळे दाब वाढला असेल. हिशेब करू. ५ मीटर उंचीवरून उडी मारली तर पाण्याला भिडताना वेग सेकंदाला साधारण १० मीटर असतो. या वेगामुळे पडणारा दाब अर्ध्या वातावरणाएवढा, म्हणजे ५ मीटर खोलीइतकाच. हात सपाट आपटला तर क्षणभर तो बराच जास्त होतो, हे खरं. पण एरवी नुसत्या उडीनं ५० मीटरचा बँड हरायला नको.

मग हरवतं कोण? पहिला चोर म्हणजे साबण. बँडच्या सांध्यात रबराची बारीक कडी किंवा चिकटवणारा थर असतो. कुकरच्या झाकणाची रिंग आठवा. ती जुनी झाली, कडक झाली की शिट्टीऐवजी कडेनं वाफ जाते. तसंच हे. वय, उष्णता आणि आपटण्यानं हा सांधा कमजोर होतो. त्यात साबणानं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि एरवी अडलं असतं ते पाणी बारीक फटीतून आत सरकतं.

दुसरा चोर म्हणजे तापून गार होणं. मे महिन्याच्या उन्हात बँड तापतो, आतली हवा फुगते. मग विहिरीच्या गार पाण्यात बुडी! आतली हवा आकसते आणि सांधा फटका असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. करून बघा. मोठ्या माणसाच्या मदतीनं प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडं गरम पाणी घालून हलवा, ओतून टाका आणि लगेच बूच घट्ट लावा. बाटली गार होताना आपोआप चेपते. तिला बारीक भोक असतं तर?

तिसरा चोर म्हणजे घाम. विट्याच्या मुलांना हा लवकर ओळखता येईल. तुमच्या भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सोनं शुद्ध करताना तेजाबात चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं मात्र तसंच राहतं, हे त्यांना विचारा. बऱ्याच बँडच्या चार्जिंगच्या टिकल्यांवर म्हणूनच सोन्याचा पातळ मुलामा असतो. तो घासून गेला की खालचा धातू उघडा पडतो. घामाचं मीठ, ओलावा आणि वर चार्जरची वीज. झालं! टिकल्या गंजतात आणि बँड चार्ज होईनासा होतो.

जलरोधक घड्याळाची कल्पना काही आजची नाही. रोलेक्सनं १९२६ साली ‘ऑयस्टर’ हे घड्याळ काढलं. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश तरुणी ते गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत उतरली. थंडीमुळे दहा तासांनंतर तिला बाहेर काढावं लागलं, पण घड्याळ चालूच होतं. त्याचं झाकण बरणीसारखं आटे पाडून बसवलेलं होतं. अशा घड्याळाचं झाकण उघडून घड्याळजी रबराची कडी बदलू शकतो. आजचे बरेचसे बँड चिकटवून बंद केलेले असतात, एकदा उघडले की पूर्वीसारखे बसवणं अवघड.

म्हणून एवढं करा. अंघोळीच्या वेळी बँड काढून ठेवा. घाम आला की साध्या पाण्यानं धुवा, पुसा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच चार्जिंगला लावा. काचेला तडा गेला असेल तर पोहताना नकोच. आत वाफ दिसली तर ताबडतोब बंद करा, चार्जिंगला लावू नका.

आणि आईबाबांनो, थोडं तुमच्यासाठी. घेताना ‘किती मीटर?’ एवढंच विचारू नका. ‘पाणी गेलं तर वॉरंटी मिळेल का?’ हेही विचारा आणि उत्तर कार्डावर छापलेलं बघा. खोक्यावर किंवा जाहिरातीत पोहण्याचं चित्र असेल तर तेही जपून ठेवा, बिलासकट. पोहायला चालेल असं सांगून विकलेली वस्तू मुदतीत पोहूनच बिघडली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आमच्या मैत्रिणीनं आधी खोकं शोधावं. टाकून दिलेलं नसलं म्हणजे मिळवली!