दांड्यासकट

श्रावणात औंढा नागनाथला फूल विकले जाते ते वजनावर. झेंडू, शेवंती, गलांडा, सगळे सुटे. दांडा शेतातच राहतो, कारण हाराला तो लागत नाही. या सवयीमुळे हिंगोली जिल्ह्याच्या परसबागांत फूल दांड्यासकट कापण्याची रीत फारशी रुजली नाही, आणि फुलदाणी सजवायची म्हटली की नजर मावळातल्या हरितगृहांमधल्या गुलाबाकडे वळते.

दांडा मात्र शेजारीच उभा असतो, हळदीचा.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कौतुक झाले ते कंदाचे. भाद्रपद-आश्विनात त्याच झाडाच्या पानांमधून वर येणारा फिकट हिरवा, शेंड्याला गुलाबी झाक असलेला फुलोरा कोणी घरात आणत नाही. त्यातल्या पाकळ्या म्हणजे खरे तर रंगीत पाने. पिवळे फूल त्यांच्या खोबणीत उमलते आणि लवकर कोमेजते, पण पाने टिकतात. म्हणूनच तो फुलदाणीत शोभतो. थायलंडने हळदीच्याच एका बहिणीला ‘सियाम ट्युलिप’ म्हणून जगाच्या फुलबाजारात नेले आहे. महालक्ष्म्यांच्या आराशीत वसमतचा फुलोरा मानाने उभा राहू शकतो.

एक पथ्य पाळायलाच हवे. विक्रीच्या पिकात सरसकट दांडे छाटू नयेत. पावसाळी हवेत ताजी जखम म्हणजे कुजीला दिलेली वाट. परसातली किंवा बांधाकडेची दोन-चार झाडे पुरेत. पहाटे, धारदार चाकूने, तिरका काप घ्यावा आणि दांडा लगेच बादलीतल्या पाण्यात ठेवावा. खोबणींत पाणी आणि मुंग्या दडलेल्या असतात, तेव्हा फुलोरा उलटा धरून हलक्या हाताने झटकावा. पाणी रोज बदलावे, बुडालेली पाने काढावीत. वसमतकडच्या घरांत केळीचा घड टांगलेला असतोच. पिकत्या केळ्यांतून सुटणारा इथिलीन वायू बऱ्याच फुलांना लवकर म्हातारे करतो, म्हणून फुलदाणी त्यापासून लांब हवी.

सोबतीला हिरवाई कामिनीची किंवा शतावरीची. हळदीचे पान देखणे खरे, पण कोरड्या हवेत कडेने गुंडाळते; ते आधी तासभर पाण्यात आडवे बुडवून ठेवावे. निशिगंधाची छडी खालची दोन-तीन फुले उमलली की कापावी, म्हणजे वरच्या कळ्या घरात उघडतात. आणि कोंबडा! ज्याला उन्हाळ्यातही रंग हवा आहे, त्याने तो दांड्यासकट, अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलटा टांगून वाळवावा. चाळीस अंशांच्या वैशाखात परसात काही उरत नाही, तेव्हा हा वाळलेला कोंबडा मडक्यात लाल दिसत राहतो.

वसमतच्या हळद संशोधन केंद्राने आणि तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राने हळदीचा फुलोरा पाण्यात किती दिवस टिकतो हे जातवार मोजावे, अशी या मासिकाची आग्रहाची मागणी आहे. तोवर वाचकांनी यंदाच्या भाद्रपदात एक दांडा कापावा, कापल्याची तारीख फुलदाणीखाली लिहून ठेवावी आणि तो कोमेजला की दिवस मोजून जातीच्या नावासह कळवावे. आलेल्या सर्व नोंदी दिवाळीनंतरच्या अंकात छापल्या जातील.