विश्लेषण : घर नेमकं कोणत्या काउंटीत? हद्दच पक्की नसते तेव्हा काय करतात?

घराचा कर एका काउंटीत भरायचा, मुलांची शाळा दुसऱ्या काउंटीत आणि मतदान कुठे करायचं याबद्दल गोंधळ. अमेरिकेतल्या काही कुटुंबांवर अशी वेळ आली आहे. तिथली काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं प्रशासकीय क्षेत्र. नॉर्थ कॅरोलिना राज्यात अशा १०० काउंटी आहेत. मालमत्ता कर, शाळा, शेरीफ, नोंदणी कार्यालय असा बराच कारभार काउंटीकडे असतो. त्यामुळे रेषा थोडी इकडेतिकडे झाली, तरी घरातल्यांचं बरंच काही बदलतं.

हद्द अनिश्चित का होते?

बहुतेक हद्दी फार जुन्या आहेत. त्या काळी होकायंत्र आणि साखळी घेऊन मोजणी होई आणि खूण म्हणून झाडांवर कुऱ्हाडीने घाव घालत. पुढे झाडं पडली आणि खुणाही गेल्या. उरलं ते कागदावरचं वर्णन.

ऑरेंज आणि अलामान्स या काउंटींचं उदाहरण पाहा. १८४९ मध्ये ऑरेंजमधून अलामान्स वेगळी झाली. मात्र या दोघींमधल्या हद्दीचा घोळ एकविसाव्या शतकापर्यंत चालला. अखेर २०१० नंतर राज्याच्या विधिमंडळाला त्यासाठी स्वतंत्र कायदे करावे लागले.

कायदा काय सांगतो?

नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्यात यासाठी १५३ए-१८ हे कलम आहे. त्यात दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सहमतीचा. दोन्ही काउंटी मिळून मोजणी करून घेतात, जमिनीवर खुणा रोवतात आणि नकाशा तयार करतात. दोन्हीकडच्या लोकनियुक्त मंडळांनी मंजुरी दिली की नकाशा दोन्ही नोंदणी कार्यालयांत आणि राज्याच्या दप्तरी दाखल होतो.

सहमती झाली नाही, तर दुसरा मार्ग न्यायालयाचा. एखादी काउंटी न्यायाधीशांकडे सीमा आयोग नेमण्याची मागणी करू शकते. या आयोगात वादातल्या प्रत्येक काउंटीचा एक रहिवासी असतो. शिवाय बाहेरच्या काउंटीतला किमान एक रहिवासी असावाच लागतो, म्हणजे पारडं एकाच बाजूला झुकत नाही.

मोजणी झाली की प्रश्न सुटला?

नाही. खरी अडचण त्यानंतर येते. नॉर्थ आणि साउथ कॅरोलिना या राज्यांनी १७३५ पासून आखल्या गेलेल्या आपल्या सीमेची फेरमोजणी केली, तेव्हा हे दिसलं. तिथे नवी रेषा आखायची नव्हती, मूळ रेषाच पुन्हा शोधायची होती. तरीही १ जानेवारी २०१७ पासून १९ घरांचं राज्य बदललं. लेक वायली भागातला एक पेट्रोल पंपही साउथमधून नॉर्थमध्ये आला. नॉर्थमध्ये इंधनावरचा कर जास्त आणि फटाकेविक्रीचे नियम कडक, त्यामुळे दुकानदाराचं गणितच बिघडलं.

या लोकांनी काहीच चूक केली नव्हती. म्हणून दोन्ही राज्यांनी २०१६ मध्ये कायदे करताना सवलती ठेवल्या. मुलांना आधीच्याच शाळेत शिकता यावं, ही त्यातली एक.

बेळगावचा प्रश्न असा सुटेल का?

तुलना इथे थांबते. बेळगावात रेषा कुठे आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. ती कुठे असावी, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटकात वाद आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली ती त्यासाठीच. मोजणीने हरवलेली रेषा सापडते. नको असलेली रेषा तिने हलत नाही.

थोडक्यात काय?

उपग्रहांच्या मदतीने आज हद्द काही सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगता येते. पण जुने कर, दस्त, शाळा आणि मतदारयादी यांचं काय, हे यंत्र सांगत नाही. त्यामुळे कुठल्याही हद्दनिश्चितीत दोन गोष्टी पाहायला हव्यात : नवा नकाशा कोणत्या तारखेपासून लागू होणार, आणि ज्यांचा पत्ता बदलतोय त्यांच्यासाठी काय सोय केली आहे.