बॅटरी पंपाचे बटण : सुटा भाग पारखून घ्यावा

पिकावर किडीचा उपद्रव वाढला म्हणजे फवारणीस दोन दिवसांचा विलंबही परवडत नाही. अशा ऐन वेळी पाठीवरील बॅटरी पंपाचा वेग कमीअधिक करणारे बटण निकामी झाले, तर पुष्कळदा संपूर्ण रेग्युलेटरच बदलला जातो, अथवा तारा थेट जोडून पंप पूर्ण वेगाने चालविला जातो. पहिल्या उपायात पैसा व्यर्थ जातो. दुसऱ्यात वेगावर ताबा राहत नाही व औषधाचे प्रमाण बिघडते. आमच्या मते हे दोन्ही मार्ग टाळण्याजोगे आहेत.

प्रथम पंप स्वच्छ धुवावा व बॅटरीची जोडणी काढावी. नंतर वरची प्लॅस्टिकची टोपीच फुटली आहे की आतला भाग बिघडला आहे, हे पाहावे. टोपी फुटली असल्यास तेवढीच बदलावी. आतला भाग बहुधा पोटेन्शिओमीटर असतो. त्यास तीन पाय असून त्याची दांडी सुमारे ३०० अंश फिरून थांबते. दांडी न थांबता गोल फिरत असेल, तर तो एन्कोडर असण्याचा संभव असतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

पोटेन्शिओमीटरवरील आकडे जपून वाचावेत. १०३ म्हणजे १० वर तीन शून्ये, अर्थात १०,००० ओहम. आशियाई बनावटीच्या भागांवर ‘बी’ हे अक्षर बहुधा समप्रमाणात बदलणारा रोध दर्शविते, तर ‘ए’ हे ध्वनियंत्रास योग्य असा विषम बदल दर्शविते. आकडे पुसले असल्यास भाग सोडवून घ्यावा व बाहेरील दोन पायांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. दांडीची जाडी व आकार, पायांमधील अंतर आणि बटणातच चालू-बंद स्विच आहे की नाही, हेही जुळले पाहिजे. जुना भाग दुकानात सोबत न्यावा, हे उत्तम.

तथापि ही सारी पारख शेतकऱ्यावरच सोपविणे न्याय्य नव्हे. केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली, तेव्हा शेती अवजारांचा त्यात समावेश केला होता. त्या हेतूस अनुसरून प्रत्येक उत्पादकाने माहितीपुस्तिकेत सुट्या भागांची मूल्ये व मापे छापावीत. अवजार बँकांनीही एक मल्टिमीटर आणि नित्य लागणारे चार भाग संग्रही ठेवावेत. लहानशा भागापायी हंगाम खोळंबू नये.